बालकांचे औषध कोणाच्या पैशाने?

(धर्मापुरी, ता. परळी वैजनाथ, जि. बीड येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा झाला की धर्मापुरी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात, हे येथे कोणाला सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आणि त्या जोडीबरोबर भांडीकुंडी, धान्याची पोती व घरी सांभाळायला कोणी नसलेली लहान मुले. पुढचे पाच-सहा महिने हे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत राहते. अशा कुटुंबातील एखादी स्त्री गरोदर असेल आणि तिच्या रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू असेल, तर तिच्या पोटी येणाऱ्या मुलाचे काय होणार, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहता हा दवाखान्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो पैशाचा प्रश्न आहे. आणि त्याहूनही अधिक म्हणजे, तो पैसा कोणाचा व कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खर्च व्हावयाचा, याचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विषाणू आईकडून मुलाकडे तीन वाटांनी जातो : गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपाय केला नाही, तर अशा १०० बालकांपैकी १५ ते ४५ बालकांना लागण होते. आईला वेळेवर व अखंड औषध मिळाले, तर हे प्रमाण ५ च्या खाली आणता येते. लागण झालेल्या बालकास उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे एकतृतीयांश बालके पहिला वाढदिवस पाहत नाहीत, आणि निम्मी दोन वर्षांच्या आत मरण पावतात. मोठ्या माणसाच्या शरीरात हा रोग वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. बालकाला तो तेवढी सवड देत नाही. असे असूनही, संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने दिलेल्या २०२३ सालच्या आकड्यांनुसार, जगातील बाधित प्रौढांपैकी ७७ टक्क्यांना औषध मिळत होते, तर बालकांपैकी केवळ ५७ टक्क्यांना. त्या एका वर्षात सुमारे १,२०,००० बालकांना नव्याने लागण झाली आणि सुमारे ७६,००० बालके मरण पावली. ज्यांना घाई सर्वाधिक, त्यांनाच रांगेत शेवटी उभे केले गेले आहे.

हे असे का झाले, याचा शोध घ्यावयाचा तर औषधांच्या संशोधनाचा इतिहास थोडा चाळला पाहिजे. एड्सवरील पहिले औषध झिडोव्हुडिन. हा पदार्थ अमेरिकेतील जेरोम हॉर्विट्झ या शास्त्रज्ञाने १९६४ साली कर्करोगावरील संशोधनात तयार केला, आणि त्या संशोधनाला पैसा तेथील सरकारचा होता. मार्च १९८७ मध्ये हे औषध एड्ससाठी मान्य झाले, तेव्हा ते एका खाजगी कंपनीच्या हाती होते आणि त्याची किंमत वर्षाला सुमारे १०,००० डॉलर होती. प्रौढांसाठी मान्य झालेले हे औषध बालकांसाठी मान्य होण्यास १९९० साल उजाडले. जनतेच्या पैशाने बीज पेरावे, पिकाची मालकी दुसऱ्याची व्हावी, आणि बालकाच्या वाट्याला शेवटची मूठ यावी, हा क्रम पहिल्याच औषधापासून सुरू झाला.

१९९४ साली अमेरिकेत व फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगाने सिद्ध केले की, हेच औषध गरोदर स्त्रीला, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर सहा आठवडे बालकाला दिले, तर लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. हा शोध खरोखरच मोठा होता. परंतु त्या प्रयोगातील माता अंगावर पाजणाऱ्या नव्हत्या. तेथे घरोघरी शुद्ध पाणी होते, डब्यातील दूध परवडत होते. तेव्हा दुधातून होणाऱ्या लागणीचा प्रश्न त्यांना विचारावाच लागला नाही. मराठवाड्यातील खेड्यात टँकरच्या पाण्यात डब्याचे दूध कालवून बालकास पाजले, तर ते एड्सने मरण्याआधी हगवणीने मरेल. अंगावर पाजावे तर विषाणूची भीती, न पाजावे तर हगवण व कुपोषण, ही कोंडी येथील आईची होती. ज्यांच्या पैशाने प्रयोग झाला, त्यांच्या घरात ती नव्हती. हेतू वाईट नसतानाही असे घडते. संशोधन हे उत्तर शोधणारे शास्त्र आहे हे खरे. परंतु प्रश्न कोणता घ्यावयाचा, हे बहुधा पैसा ठरवितो.

पुढे ही कोंडी फुटली, आणि ती फोडण्यात महाराष्ट्रातील मातांचा वाटा आहे, ही गोष्ट फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९९९ साली युगांडातील कंपाला येथील प्रयोगाने दाखविले की, प्रसूतीच्या सुरुवातीस आईला नेविरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बालकास एक मात्रा, एवढ्यावरही लागण जवळजवळ निम्म्याने घटते. भारतानेही हा उपाय स्वीकारला. तथापि पुढे महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्तनपानाच्या काळात एका मात्रेचा आधार पुरेना. तेव्हा इथिओपिया, युगांडा आणि भारत या तीन देशांत असा प्रयोग करण्यात आला की, अंगावर पिणाऱ्या बालकास सहा आठवडे रोज नेविरापिन द्यावयाचे. भारतातील प्रयोग पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात व ससून रुग्णालयात झाला. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सहाव्या आठवड्यास, एकच मात्रा मिळालेल्या बालकांत लागण ५.३ टक्के, तर रोज औषध मिळालेल्यांत २.५ टक्के. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा फरक बराचसा ओसरला. म्हणजे आई पाजते आहे तोवर संरक्षणही चालू राहिले पाहिजे, हा धडा मिळाला. अशाच अनेक अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आपली मार्गदर्शक सूत्रे बदलली. अंगावर पाजा आणि त्या काळात औषध चालू ठेवा, हा सल्ला गरिबाच्या आईला प्रथमच शास्त्राच्या आधाराने मिळाला. १ जानेवारी २०१४ पासून भारताने प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभर औषध देण्याचे धोरण अंगीकारले.

पुण्याच्या या प्रयोगास पैसा कोणाचा होता? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा. त्यानंतरचा एक महत्त्वाचा प्रयोग आफ्रिकेतील सहा देशांत व भारतात झाला. तीन वर्षांखालील बाधित बालकांसाठी नेविरापिनवर आधारलेले उपचार बरे की लोपिनाविर-रिटोनाविरवर आधारलेले, हे त्यात तपासण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिला उपचार ४०.८ टक्के बालकांत अपयशी ठरला, दुसरा १९.३ टक्क्यांत. त्यालाही पैसा त्याच संस्थेचा. अमेरिकन करदात्याच्या या पैशाबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. तेथील सामान्य माणसाच्या घामाचा तो पैसा आहे. परंतु ज्या देशाच्या मातांनी आपली तान्ही मुले शास्त्राच्या हवाली केली, त्या देशाच्या सरकारने त्या प्रश्नासाठी आपली थैली पुरेशी सैल सोडली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

औषध सापडले म्हणजे काम संपले असे नाही. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याचे वजन महिन्या-महिन्याला बदलते, तशी मात्रा बदलते; त्याला गोळी गिळता येत नाही; कडू औषध ते थुंकून टाकते. मुलांसाठी स्वतंत्र औषध नव्हते तेव्हा मोठ्यांच्या गोळ्या मोडून, अदमासाने त्यांचे तुकडे दिले जात. वर उल्लेखिलेले लोपिनाविर-रिटोनाविर हे पातळ औषध गुणकारी खरे; पण त्यात ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क, चव अतिशय कडू, आणि साठविण्यास थंडावा हवा. ज्या कोपीत दिवा नाही, तेथे शीतपेटी कोठून आणावयाची? हे औषध बनविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोपी नव्हती, एवढाच याचा अर्थ.

याउलट, प्रश्न नीट विचारला आणि त्यामागे सार्वजनिक पैसा उभा राहिला, तर काय होते याचेही उदाहरण आहे. २००६ साली फ्रान्स, ब्राझील, चिली, नॉर्वे व ब्रिटन यांच्या पुढाकाराने 'युनिटएड' ही संस्था निघाली. फ्रान्समध्ये विमानाच्या तिकिटावर एक छोटासा कर बसविण्यात आला आणि तो पैसा गरीब देशांतील औषधांकडे वळविण्यात आला. त्यातील मोठा भाग बालकांच्या एड्स-औषधांसाठी होता. भारतात प्रौढांना मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले होते; बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला, तो याच सुमारास. पुढे डोलुटेग्राविर हे आजचे सर्वांत परिणामकारक औषध आले. अमेरिकेत ते प्रौढांसाठी २०१३ साली मान्य झाले. चार आठवड्यांच्या बालकाला देता येईल अशा स्वरूपात मान्य होण्यास जून २०२० उजाडला. सात वर्षे! परंतु त्यानंतर काही महिन्यांतच, युनिटएडच्या साहाय्याने, भारतात कारखाने असलेल्या कंपन्यांनी पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी तयार केली आणि तिची किंमत एका बालकामागे वर्षाला ४० डॉलरच्या खाली आली. चमच्याभर पाण्यात विरघळणारी गोळी, थंडाव्याची गरज नाही : ही गोळी कोपीत चालते. सार्वजनिक पैसा योग्य जागी पडला म्हणजे असे घडते.

या औषधांच्या स्वस्ताईमागे आणखी एक सार्वजनिक निर्णय आहे. १९७० सालच्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली, केवळ कृतीवरील हक्क मान्य केला. त्या कायद्याच्या छायेत देशी औषधनिर्मिती वाढली. म्हणूनच २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीला, जगात १०,००० डॉलरहून अधिक किंमत असलेला तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ करता आला. २००५ साली जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली हा कायदा बदलला. तरीही त्यात राखलेल्या संरक्षक तरतुदींचा उपयोग झाला. बालकांना द्यावयाच्या नेविरापिनच्या पातळ औषधावर एका परदेशी कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा त्याला हरकत घेणारे कोणी मोठे कायदेपंडित नव्हते, एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या संघटना होत्या. जून २००८ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. कार्यकर्त्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी. प्रयोगशाळेतील लढाईचा अर्धा भाग कायद्याच्या आणि संघटनेच्या मैदानावर लढावा लागतो.

आता आजच्या संकटाकडे वळू. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशाने परदेशी मदत स्थगित केली. २००३ पासून चालत आलेला त्या देशाचा एड्सविरोधी निधी एका रात्रीत डळमळला. आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांची दारे बंद झाली, चालू प्रयोग मध्येच थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात, एड्सप्रतिबंधक लस शोधणाऱ्या तेथील दोन मोठ्या संशोधनगटांचा सरकारी निधी पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय झाला. परदेशातील सहकारी संस्थांकडे संशोधनाचा पैसा वळविण्याच्या पद्धतीवरही राष्ट्रीय आरोग्य संस्थेने निर्बंध आणले. दुसऱ्याच्या विहिरीवर मळा फुलविणाऱ्याची जी स्थिती विहीरमालकाने मोट थांबविताच होते, ती आज बालकांच्या एड्स-संशोधनाची आहे.

भारताचे एक बरे आहे की, येथील औषधवाटप परदेशी पैशावर उभे नाही. १९९२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर. परंतु २०२१ ते २०२६ या काळाच्या पाचव्या टप्प्याचा १५,४७१.९४ कोटी रुपयांचा आराखडा केंद्र सरकारच्या पैशावर बेतलेला होता. ही प्रगती मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मग जो देश औषध स्वतःच्या पैशाने वाटतो, स्वतःच्या कारखान्यात बनवितो आणि जगाला पुरवितो, त्याने बालकांसाठीच्या शोधासाठी मात्र परक्याच्या दाराशी का बसावे? २०२०-२१ साली भारताचा सर्व प्रकारच्या संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. दारिद्र्याचे कारण येथे पुरत नाही. हा अग्रक्रमाचा प्रश्न आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, बीड जिल्ह्यात पाणी नाही, रस्ते नाहीत, शाळांना शिक्षक नाहीत. तेथे संशोधनाची चैन कशाला? याचे उत्तर असे की, संशोधन ही चैन आहे ही समजूतच श्रीमंतांनी गरिबांच्या गळी उतरविलेली आहे. अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न कोणत्या श्रीमंत बाईला पडला होता? गरिबाच्या अडचणीवर शोध झाला नाही, तर श्रीमंताच्या सोयीसाठी लागलेला शोध त्याच्या माथी मारला जातो, आणि तो लागू पडला नाही की दोषही गरिबालाच दिला जातो. दुसरा आक्षेप असा की, बाधित बालकांची संख्या घटते आहे, मग खर्च कशाला वाढवावयाचा? परंतु नेमके याच कारणाने खाजगी पैसा येथे येणार नाही. धनिक देशांत असे बालक आता क्वचितच जन्मते. म्हणजे पैसे मोजू शकणारे गिऱ्हाईकच उरलेले नाही. ज्या मुलाच्या आजारात नफा नाही, त्याचे औषध बाजार शोधत नाही. ते समाजाने शोधावयाचे असते. समाजवादी विचाराने आजवर जे सांगितले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आणि शोधावयाचे असे पुष्कळ शिल्लक आहे. त्यातील एक प्रश्न तर धर्मापुरीच्या वेशीवरच उभा आहे. बाधित आईच्या मुलाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे साधी तपासणी त्याच्या बाबतीत फसवी ठरते. त्याच्या टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात : सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, आणि मग अठराव्या महिन्यात अखेरची तपासणी. आता हे वेळापत्रक ऊसतोडीच्या हंगामाशेजारी ठेवून पाहावे. श्रावणात जन्मलेल्या मुलाचा सहावा महिना माघात येतो. दिवाळीत जन्मलेल्याचा सहावा आठवडा मार्गशीर्षात. दोन्ही वेळा आई फडात असते. तिचा कागद अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील उपचारकेंद्रात, आणि ती साताऱ्याकडे किंवा बेळगावकडे. तपासणीसाठी दिवस मोडला तर मुकादम खाडा धरतो. आजार उघड झाला तर टोळीत पुढल्या वर्षी घेतील की नाही याची धास्ती. २०१७ च्या कायद्याने भेदभावास बंदी केली, गुप्ततेचा हक्क दिला. पण कोपीला दार नाही, तेथे गुप्तता कशी राखावी?

दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगाने २००८ सालीच दाखवून दिले आहे की, बालकाला लक्षणांची वाट न पाहता लगेच औषध सुरू केले, तर आरंभीचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. म्हणजे निदान दोन महिने लांबणे ही कारकुनी चूक ठरत नाही. ती जीवनमरणाची गोष्ट आहे. मग स्थलांतर करणाऱ्या आईमागोमाग तपासणी कशी जाईल, साखर कारखान्याच्या दवाखान्यात ती करता येईल का, नाव न उघडता नोंद जिल्ह्याबाहेर कशी पोहोचेल, दर महिन्याऐवजी दीर्घकाळ टिकणारे औषध स्तनदा मातेला व बालकाला सुरक्षित आहे का, हे सारे संशोधनाचे प्रश्न आहेत. परदेशातील कोणी दाता ते विचारावयास येणार नाही, कारण त्याने कोयता पाहिलेला नाही.

बीडजवळ पाली येथे दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने 'इन्फंट इंडिया' उभी केली; लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांनी 'सेवालय' उभे केले. आईबाप गमावलेल्या, नातलगांनी दूर लोटलेल्या बाधित मुलांना या माणसांनी घर दिले. त्यांच्यापुढे कोणाचीही मान लवावी. परंतु करुणेच्या या कामाआड शासनाने आपली जबाबदारी लपवू नये. देणगीवर मूल वाढविता येते. देणगीवर औषधाचा शोध वर्षानुवर्षे चालविता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या नेटाने लावून धराव्यात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या प्रत्येक टप्प्यात बालकांसाठीच्या संशोधनाचा स्वतंत्र लेखाशीर्ष असावा, आणि त्यातील खर्च दरवर्षी संसदेपुढे यावा. ग्रामीण भागासाठी म्हणून उभारलेल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांना या संशोधनात केवळ रुग्ण पाठविण्याचे नव्हे, तर प्रश्न ठरविण्याचे स्थान मिळावे. जनतेच्या पैशातून निघालेल्या औषधावर कोणाचीही मक्तेदारी नसावी. ज्या माता प्रयोगात सहभागी होतात, त्यांना त्याचे निष्कर्ष मराठीत, समजेल अशा भाषेत कळविले जावेत. आणि पैसा कोठून आणावा असे कोणी विचारले, तर फ्रान्सचे विमानतिकीट दाखवावे; किंवा इतके दूर कशाला, ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याकडून १० रुपये व तितकेच शासनाकडून घेण्याचे ठरले, ते दाखवावे. उसावर बसलेल्या या पैशातून ऊस तोडणाऱ्या आईच्या मुलाची तपासणी फडापर्यंत नेण्याचा पहिला अभ्यास उभा राहणे अशक्य नाही.

धर्मापुरीच्या केदारेश्वराचे मंदिर शेकडो वर्षे उभे आहे. ते ज्यांच्या घामातून उभे राहिले त्या पाथरवटांची नावे कोणी नोंदविली नाहीत. पुण्यातील ज्या मातांनी आपल्या तान्ह्यांसह त्या प्रयोगात भाग घेतला, त्यांचीही नावे कोणास ठाऊक नाहीत, आणि ती गुप्त राहणेच योग्य आहे. परंतु त्यांनी जे दिले त्याच्या बळावर आज जगभरातील गरीब आया निर्धास्तपणे मुलाला पदराखाली घेतात. त्या मातांचे हे ऋण फेडण्याची वेळ त्यांच्याच देशाच्या तिजोरीवर आली आहे. येत्या दसऱ्यानंतर ट्रक पुन्हा निघतील. त्यातील तान्ह्या मुलाची तपासणी त्याच्यामागोमाग फडापर्यंत जावी, यासाठीचा आग्रह आजपासून, या गावातून सुरू झाला पाहिजे.